वरलं गाव

आमच्या नरडाण्याच्या कारखान्यात शेवयांचं जे मोठं मशीन आहे, त्याच्या अंगावर ठिकठिकाणी निळ्या ऑइलपेंटने गावांची नावं लिहिलेली आहेत. पीठ जिथून आत पडतं तिथे साक्री. पुढे पीठ मळायचं भांडं, त्यावर शेवाळी. मग नेर, मग कुसुंबा. मुख्य मोटरीवर धुळे, वाळवणीच्या पहिल्या कपाटावर सोनगीर आणि शेवया जिथून वाळून बाहेर पडतात तिथे नरडाणा. सुरतेहून कधी नवा फिटर आला की तो बुचकळ्यात पडतो. आमची माणसं मात्र सरळ ओरडतात, "अरे, कुसुंब्याला ग्रीस दे!"

ही नावं नानांनी लिहिली. नाना आमचे मेंटेनन्सचे फोरमन होते. साक्रीच्या पलीकडच्या एका लहान गावचे. आठवडाभर नरडाण्यात एका खोलीत राहायचे आणि शनिवारी संध्याकाळी एसटीने घरी जायचे. तीस वर्षं त्याच रस्त्याने. आकड्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. सात नंबरचा भाग आणि सतरा नंबरचा भाग यांची गल्लत होऊ शकते, पण नेरच्या आधी कुसुंबा कसा येईल, असं त्यांचं म्हणणं. मशीन परदेशात सुटं करून इथे पुन्हा जोडायचं होतं, तेव्हा मी संगणकावर दोन भाषांत यादी केली होती. जोडताना ती कुणी उघडून पाहिली नाही.

मी त्या वेळी प्रोसेस इंजिनिअर होते. आता सगळा प्लांट माझ्याकडे आहे. माहेर असोद्याचं, सासर जळगावात. जळगाव ते नरडाणा रोज रेल्वेने अप-डाऊन. सकाळी मुलीचा डबा, माझा डबा, सासूबाईंच्या गोळ्या, मग गाडी, मग कारखाना, परत गाडी. इतकी वर्षं हे करते आहे की, दमलीस का, असं कुणी विचारलं तर मला प्रश्नच नीट कळत नाही. नाना मला ‘माय’ म्हणायचे. त्यांच्या धाकट्या मुलीच्या वयाची मी, पण आमच्याकडे म्हातारी माणसं पोरीबाळींना असंच म्हणतात.

नाना अहिराणीच बोलायचे. मालकांशी, बँकेच्या साहेबांशी, गुजराती ड्रायव्हरशी, सगळ्यांशी. समोरच्याला कळलं नाही तर आवाज न चढवता तेच वाक्य पुन्हा म्हणायचे, आणि कसं कोण जाणे, तिसऱ्या वेळेला त्याला कळायचं. मशीन बंद पडलं की ते आधी एक पत्र्याचा डबा उपडा घालून त्याच्यासमोर बसायचे. हात लावायचे नाहीत. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. छोटे शेठ, म्हणजे मालकांचे चिरंजीव, मागे येऊन कपाळाला हात लावून उभे राहायचे. "नाना, ऑर्डर अडकली आहे, काहीतरी करा!" नाना म्हणायचे, "आधी बसू दे माले. घाई कोनले शे?" घाई सगळ्यांनाच असायची. पण ते उठले की बहुतेक वेळा नेमका तोच बोल्ट सैल निघायचा.

दुसरी त्यांची खोड म्हणजे खरं बोलणं. यात काही मोठेपणा होता असं नाही, पुष्कळदा तो नुसता त्रास असायचा. एकदा कारखान्याची तपासणी होती. मशीनच्या फिरत्या पट्ट्यावरची लोखंडी जाळी आदल्या दिवशी घाईने बसवलेली. तपासणीवाल्या साहेबांनी सहज विचारलं, "ही जाळी नेहमी असते ना?" छोटे शेठ ‘हो’ म्हणायला तोंड उघडतात तोच नाना म्हणाले, "नही साहेब, तुम्ही येनार म्हनून काल लाई." त्यानंतर आठवडाभर आमच्या ऑफिसात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. जाळी मात्र पुढे कधी निघाली नाही.

तर हे शेवयांचं मशीन. इटलीत एका डोंगराच्या पायथ्याशी शेवया-मॅकरोनीचा एक छोटा कारखाना होता. मालक वारला, मुलांना तो चालवायचा नव्हता. छोट्या शेठनी दलालामार्फत मशीन जुन्यात घेतलं. सुटं करून कंटेनरमध्ये भरून द्यायला आमच्याकडचं कुणीतरी हवं होतं, म्हणून नानांना आणि मला पाठवलं. नानांचा पासपोर्ट त्यासाठी काढला. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा विमान पाहिलं आणि खिडकीपाशी बसून मुंबई सुटायच्या आत झोपी गेले.

कारखान्याशेजारीच कामगारांसाठी दोन खोल्या आणि स्वयंपाकघर होतं, तिथे आमची सोय होती. नानांनी कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ आणि ठेच्याची बरणी आणली होती. पहाटे उठून ते विजेच्या शेगडीवर भाकरी भाजायचे. मी उठेपर्यंत माझ्या वाटच्या दोन भाकऱ्या फडक्यात बांधून ठेवलेल्या असायच्या. मला त्याचा संकोच वाटायचा. मला कुणी करून वाढलंय असं कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

काम भयंकर होतं. दिवसभर लोखंड, ग्रीस, थंडी. संध्याकाळी मी फोटो, यादी, रिपोर्ट. छोट्या शेठचे फोन दिवसातून सहा-सात वेळा. "मॅडम, किती झालं? टक्क्यांत सांगा." मी टक्के सांगायची. मग घरून फोन, मुलीची गणिताची वही सापडत नाही. मी इटलीतून ती वही शोधून द्यायची. ती टीव्हीच्या मागे असायची. खिडकीतून वर बघितलं की डोंगराच्या माथ्यावर एक गाव दिसायचं, दगडी घरांचं, मधमाश्यांच्या पोळ्यासारखं एकाला एक चिकटलेलं. त्याचं नाव मला नीट म्हणता येत नसे. नाना त्याला ‘वरलं गाव’ म्हणायचे. आम्ही दहा दिवस त्याच्या पायथ्याशी राहिलो आणि वर जायचा विचारही माझ्या मनात आला नाही.

अकराव्या दिवशी क्रेन आली नाही. म्हणजे क्रेनवाला आला, पण क्रेन न घेता. त्याने आकाशाकडे बोट दाखवलं, तोंडाने वाऱ्यासारखा आवाज केला, दोन्ही हात हलवले आणि निघून गेला. तो जे बोलला त्याच्या फोनवरच्या भाषांतरातून कळलं की वारा फार आहे, एवढ्या वाऱ्यात वजन उचलायला कायद्याने बंदी आहे, आता उद्या. क्रेनशिवाय पुढचा भाग हलणार नव्हता.

मी लगेच मनात दिवसाची आखणी केली. यादी तपासायची, रंगवलेल्या नावांचे फोटो पुन्हा काढायचे, दलालाला मेल. तेवढ्यात पाहते तर नाना टोपी घालून, भाकरीचं फडकं काखेत मारून दारात उभे.

"आज सुट्टी शे," ते म्हणाले.

"कुणी दिली?"

"वारानी."

"नाना, यादी राहिली आहे."

"मी वर जास. तुले येनं व्हई ते ये." आणि ते चालू लागले.

मला त्यांच्या मागे जावंच लागलं. त्यांच्याजवळ पासपोर्ट नव्हता, खिशात पैसे नव्हते, साध्या बटणांच्या मोबाइलला तिथे रेंज नव्हती. हरवले असते तर त्यांच्या घरी मी काय सांगणार होते? चिडून, लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून मी निघाले.

वर जायला जुन्या दगडी पायऱ्या होत्या. नाना वीसेक पायऱ्या चढायचे आणि बसायचे. दमले म्हणून नव्हे, मला वाटतं, बसायला जागा चांगली दिसली म्हणून. मी पुढे जाऊन थांबायची, घड्याळ बघायची. "बस माय, बस थोडी." मी उभीच. असं चार-पाच वेळा झाल्यावर मीही बसले. खाली कारखान्याचा पत्रा दिसत होता. त्यापलीकडे शेतं, सरळ रेघांत लावलेली झाडं. जळगावकडे त्या दिवसांत चटके बसतात, तिथे ऊन शेकायला बरं वाटत होतं.

गावात पोचलो तर रस्त्यात माणूस नाही. एक मांजर, वाळत घातलेले कपडे, कुठल्यातरी खिडकीतून भांड्यांचा आवाज. एका हॉटेलात उभ्याने कॉफी घेतली. घोटभर, काळी, औषधासारखी. नानांनी तीत साखरेच्या चार पुड्या टाकल्या, चमच्याने तळाची साखर खाल्ली आणि हॉटेलवाल्याला म्हणाले, "चांगली शे, पन थोडीशीच." तो हसला आणि त्याने आणखी अर्धा कप ओतला. पैसे एकाचेच घेतले.

पुढे एका चौकात, देवळाच्या भिंतीच्या आडोशाला, एक म्हातारी खुर्चीवर बसून शेंगा सोलत होती. हिरव्या, बोटापेक्षा जाड शेंगा, मांडीवर परात. वारा त्या कोपऱ्यात शिरत नव्हता. नाना तिच्यासमोर जाऊन उभे राहिले, शेंगा बघितल्या, शेजारच्या बाकावर बसले आणि ढिगातून मूठभर शेंगा उचलून सोलायला लागले. मला शरमल्यासारखं झालं. मी फोन काढून भाषांतर करून काहीतरी माफी मागणार तोच म्हातारीने परात दोघांच्या मध्ये सरकवली.

त्यानंतर ते दोघं तास-दीड तास बोलत होते. ती तिच्या भाषेत, हे अहिराणीत. ती काहीतरी सांगायची, नाना मान हलवायचे, मग ते त्यांच्या तुरीबद्दल सांगायचे, ती मान हलवायची. मी विचारलं, "काय म्हणतेय ती?"

"तिना आंडोर दूर ऱ्हास. दिवाळीथीन उना नही."

"तुम्हाला कसं कळलं मुलगा येत नाही ते?"

"बठ्ठी मायस्नं एकच ऱ्हास."

सगळ्या आयांचं एकच असतं म्हणे. मी फोनवर तिला विचारून खात्री करायला हवी होती. केली नाही. मीही शेंगा सोलायला लागले. अंगठ्याच्या नखात हिरवं साठलं, तसं लहानपणी असोद्याला ओट्यावर बसून साठायचं. एखाददुसरा दाणा तोंडात टाकायचा. कच्चा, थोडा कडसर. देवळातली घंटा वाजली तेव्हा मला कळलं की बराच वेळ मी घड्याळ पाहिलं नव्हतं.

दुपारी म्हातारीने आतून पांढरं मऊ चीज आणि तेलाची बाटली आणली. नानांनी फडकं सोडलं. तिने भाकरी हातात घेऊन उलटसुलट पाहिली, वास घेतला, वर तेल ओतलं आणि मीठ भुरभुरलं. ठेचा मात्र तिने जिभेला लावला आणि खुर्चीवरून उठून आत पळाली. ती पाणी पिऊन परत आली तेव्हा आम्ही तिघंही इतकं हसलो की चौकातल्या वरच्या खिडकीतून एका बाईने डोकावून पाहिलं. नाना बोटं चाटत म्हणाले, "तेल कडू शे, पन बाई गोड शे."

जेवण झालं. मी बाकावर टेकले. भिंत उन्हाने कोमट झाली होती. पाच मिनिटं डोळे मिटावे आणि मग उठून खाली जावं, असं मी ठरवलं.

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवरून निघून समोरच्या घरांवर गेलं होतं. माझ्या डोक्याखाली फुलांचं भरतकाम केलेली एक उशी होती, जी माझी नव्हती. अंगावर नानांचं जाकीट. पायातले बूट कुणीतरी काढून खाली जोडीने ठेवले होते. मला क्षणभर मी कुठे आहे, कोण आहे, काही आठवेना. इतकं सुख मला त्याआधी कधी झालं होतं ते सांगता येणार नाही. मग आठवलं, आणि मी ताडकन उठून बसले. साडेतीन तास झाले होते.

नाना बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले होते. माझा फोन त्यांच्या मांडीवर.

"फोन वाजना," ते म्हणाले. "छोटा शेठ व्हता."

"तुम्ही उचललात?"

"थांबेच ना. तू उठशीन म्हनून उचला."

"काय सांगितलंत? मी झोपलेय म्हणून सांगितलंत?"

मी जे बोलायला लागले ते आठवून आजही मला कसंतरी होतं. तुमची नोकरी संपत आली, माझी व्हायची आहे. बाई माणूस आहे, म्हणून आधीच सगळे टपलेले असतात. कंपनीच्या खर्चाने इटलीत जाऊन झोपा काढते, हे मी आता जन्मभर ऐकायचं. तुम्हाला खरं बोलायची हौस आहे, त्यात दुसऱ्याचं घर जळालं तरी तुम्हाला काय. म्हातारी दारात येऊन उभी राहिली, माझ्याकडे आणि त्यांच्याकडे पाहून परत आत गेली.

नाना सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "तसं नही सांगं मी."

"मग?"

"सांगं, मी वर फिराले उनू. फोटू काढाले तुना फोन लई उनू. तू खाले यादी करी ऱ्हायनी."

"तुम्ही खोटं बोललात?"

"हां."

"काय म्हणाले शेठ?"

"कोनले इचारीसन गया, म्हने. मी सांगं, कोनलेच नही."

"नाना, कशाला पण?"

त्यांनी खांदे उडवले. "झोपेल मानूसले उठाडीसन खरं सांगानं का?"

मला त्यांची माफी मागायला हवी होती. पण आधी मला हायसं वाटलं, आणि ते इतकं मोठं होतं की त्यात बाकीचं सगळं वाहून गेलं. शेठच्या लेखी मी खाली काम करत होते. म्हणजे या क्षणी जगातल्या कुणालाच मी कुठे आहे हे माहीत नव्हतं. दिवस मावळेपर्यंत आम्ही तिथेच होतो. गावाच्या कडेला एक कठडा होता, त्यावर पाय सोडून बसलो. नानांनी त्यांच्या लग्नात वरात नदीच्या पाण्यात कशी अडकली ते सांगितलं. मी त्यांना सांगितलं की मला लहानपणी चित्रं काढायची आवड होती. हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. लॅपटॉपची बॅग दिवसभर उघडली नाही. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात मोकळा तास होता, आणि तो मला त्यांच्या खोटं बोलण्यामुळे मिळाला होता, हे मला तेव्हाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी वारा पडला, क्रेन आली, आम्ही काम संपवून परतलो. कंटेनर आला, मशीन जोडलं. पहिल्या चाचणीला गिऱ्हाईक पार्ट्या बोलावल्या होत्या. छोटे शेठ त्यांना म्हणाले, "मशीन अगदी नव्यासारखं आहे." मागून नाना म्हणाले, "नवं कसानं? मनापेक्षा मोठं शे." मशीन नानांपेक्षा वयाने मोठं, हे ऐकून गिऱ्हाइकं हसली. छोटे शेठही हसले, पण त्यांचे कान लाल झालेले मी पाहिले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत नानांचं निवृत्तीचं वय पूर्ण होत होतं. आमच्याकडे चांगल्या माणसाला दोन वर्षं वाढवून द्यायची पद्धत होती आणि नानांना मिळणार हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. एका दुपारी मला छोट्या शेठचा मेल आला. इटलीत अमुक दिवशी फोरमन कामाची जागा सोडून गेले होते का? तुमची परवानगी होती का? तुम्ही स्वतः कुठे होता? लेखी कळवा.

मी तीन वाक्यं लिहिली. होय, गेले होते. माझी परवानगी घेतली नव्हती. मी त्या वेळी कामाच्या जागी होते.

पहिली दोन खरी होती. तिसरं लिहिताना मी स्वतःला सांगितलं की हे नानांचंच वाक्य आहे, मी फक्त त्यांनी सांगितलेलं खोटं पाडत नाहीये. मेल पाठवला आणि स्टेशनवर सोडणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये जाऊन बसले. त्या महिन्याच्या शेवटी नानांना नारळ आणि शाल मिळाली. मुदतवाढ मिळाली नाही. निघताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "येस, माय," म्हणाले, म्हणजे येतो, आणि त्यांच्या शनिवारच्या गाडीने गेले. पुढे वर्षभरात प्लांट माझ्याकडे आला.

मी मनाची समजूत घातली होती. नाना निवांत माणूस. बसायला आवडणारे. घरी शेती आहे, नातवंडं आहेत, कुठल्यातरी भिंतीला टेकून शेंगा सोलत बसले असतील. उलट आपल्यामुळे दोन वर्षं लवकर सुटले. ही समजूत मला तीन वर्षं पुरली.

मग एका मंगळवारी, काहीही कारण नसताना, मी रजा टाकली. जळगावहून धुळे, धुळ्याहून साक्री, पुढे जीपने नानांचं गाव. ते घराबाहेर शेजाऱ्याच्या पाण्याच्या मोटरीसमोर बसले होते. मोटर उघडलेली होती. मला पाहून ते इतके खूश झाले की मला परत फिरावंसं वाटलं. त्यांच्या मंडळींनी पाणी दिलं, चहा ठेवायला आत गेल्या. मी जास्त थांबले असते तर बोलले नसते, म्हणून लगेच बोलले. तीन वाक्यं, जशीच्या तशी सांगितली.

"माहीत शे," नाना म्हणाले. "छोटा शेठनी तुना कागद माले वाची दखाडा."

"तेव्हाच? मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? मीच सांगेल व्हतं ना."

थोडा वेळ ते मोटरीतली माती काडीने काढत राहिले. मग मान वर न करता म्हणाले, "तुले सांगाले इतला दिन लागनात."

मी म्हटलं, "मला वाटलं, तुम्हाला घरी बरं वाटत असेल. तुम्हाला निवांत बसायला आवडतं."

आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, पण मी त्यांना कधीच नीट ओळखलं नाही असं त्यांना वाटलं असावं. "एक दिन बसनं येगळं, माय. रोज बसनं येगळं. माले काम पाहिजे व्हतं." त्यांनी त्या मोटरीवर हात ठेवला. "हाई मोटर चांगली शे. मी उघाडीसन ठेवस. पुसस. परत लावस."

चहा आला. त्यांच्या मंडळी म्हणाल्या, "गावातल्या सगळ्या मोटरी झाल्या उघडून. लोक आता देत नाहीत." आणि हसल्या. नाना हसले नाहीत.

माझ्या तोंडून निघून गेलं, "पुढच्या महिन्यात मशीन पूर्ण उघडायचं आहे. याल का?" मला तसा अधिकार नव्हता. छोट्या शेठनी सुरतेच्या पार्टीशी बोलणी केली होती.

नानांनी कपबशी खाली ठेवली. "उद्याच येऊ का?"

घाई कोनले शे, असं जन्मभर विचारणारा माणूस. मी म्हटलं, "उद्या नको नाना. आधी मला शेठना सांगावं लागेल."

"काय सांगशी?"

"त्या दिवशी मी झोपले होते, हे."

त्यांनी मोटरीचं झाकण उचललं, पुसलं आणि खाली ठेवलं. मला वाटलं, ते ‘नको’ म्हणतील. मी त्याची वाटही पाहिली. मग म्हणाले, "सांग मंग."

दुसऱ्या दिवशी मी छोट्या शेठच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं. तिसरं वाक्य खोटं होतं. नाना वर गेले होते, मीही वर होते, बाकावर झोपले होते. त्यांनी मोबाइल बाजूला ठेवला. "मॅडम, हे आत्ता कशाला सांगताय?"

"मशीन उघडायला नाना हवेत म्हणून."

त्यांनी पेन टेबलावर दोन-तीनदा आपटलं. "आठ दिवस. कंत्राटी कामगार म्हणून. आणि गिऱ्हाइकांसमोर त्यांनी तोंड उघडायचं नाही." मी उठताना ते म्हणाले, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." त्यात काही चूक नव्हती. त्या वर्षी धुळ्याला नवं युनिट सुरू झालं, ते माझ्याकडे येणार होतं, तिथे त्यांनी दुसऱ्याला नेमलं. का, ते मी विचारलं नाही.

नाना आले त्या सकाळी माझी गाडी वेळेवर होती. गेटवर कंत्राटी माणसांची रांग लागली होती, बहुतेक पोरं विशी-पंचविशीची. नाना त्यांच्यात उभे होते. इस्त्रीचा शर्ट, काखेत हत्यारांची पिशवी. गेटवरचा रखवालदार नवा होता. तो त्यांना ओळखत नव्हता. मी पुढे जाऊन म्हटलं, "नाना, या ना आत, तुम्हाला कशाला रांग?"

पोरं वळून बघायला लागली. नानांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग हातातला गेटपास माझ्यापुढे धरला आणि पहिल्यांदाच, सावकाश, शाळेतल्यासारख्या शुद्ध मराठीत म्हणाले,

"मॅडम, इथे तुमची सही लागते."

मी पास भिंतीवर धरून सही केली. त्यांनी ती वाचली, पास घडी घालून वरच्या खिशात ठेवला आणि आपल्या जागी जाऊन रांगेत उभे राहिले.